बंद पेटी आणि दुरुस्तीची विद्या

यंत्र विकत घेतले, पावती खिशात पडली आणि खोके घरी आले, की ते यंत्र आपल्या मालकीचे झाले असे आपण समजतो. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु मालकीची खरी कसोटी यंत्र चालू असताना लागत नाही; ते बंद पडते त्या दिवशी लागते. त्या दिवशी यंत्र उघडता आले, आत काय बिघडले ते समजून घेता आले, बिघडलेला भाग बाजारात मिळाला आणि तो बसविता आला, तर ती मालकी पुरी म्हणावयाची. यांपैकी काहीच साध्य नसेल, तर पूर्ण किंमत मोजूनही आपण त्या यंत्राचे भाडेकरूच असतो. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत या विचाराला सहसा जागा मिळत नाही. तो एका छंदातून मात्र अतिशय स्पष्टपणे समोर येतो. त्या छंदाचा परिचय करून देणे आणि त्यातून निघणाऱ्या काही सार्वजनिक प्रश्नांकडे लक्ष वेधणे, हा या लेखाचा हेतू आहे.

हा छंद म्हणजे जुन्या, आटोपशीर, एका पेटीत मावणाऱ्या संगणकांची दुरुस्ती व निगा. अमेरिकेत, युरोपात आणि जपानमध्ये असे हौशी लोक बरेच आहेत. त्यांच्या प्रेमाचा मुख्य विषय म्हणजे ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आणलेला मॅकिंटॉश संगणक आणि त्याची भावंडे. पडदा, वीजपुरवठा, मुख्य बोर्ड आणि फ्लॉपीचा खण हे सारे एकाच उभ्या पेटीत. उचलून नेता यावी म्हणून पेटीच्या माथ्यावर हात घालण्यापुरती खोबण. पडदा ९ इंची आणि कृष्णधवल, त्यावर ५१२ गुणिले ३४२ ठिपके. स्मृती अवघी १२८ किलोबाइट. प्रोसेसर मोटोरोला कंपनीचा ६८०००. किंमत २,४९५ डॉलर. पुढे १९८६ मध्ये मॅकिंटॉश प्लस, १९८७ मध्ये एसई, १९८९ मध्ये एसई/३० आणि १९९० मध्ये ९९९ डॉलर किमतीचा क्लासिक अशी ही मालिका वाढत गेली. परवाने आणि जकातींच्या त्या काळात भारतातील नोकरदार माणसाच्या आटोक्यात असे यंत्र येणे शक्यच नव्हते. तेव्हा हा छंद मूळचा परदेशी आहे, हे प्रथमच मान्य केलेले बरे. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न परदेशी नाही. आपल्या घरातील मोबाइल, शाळेतील संगणक आणि कचेरीतील प्रिंटर यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

एकाच कंपनीची दोन धोरणे

याच कंपनीने १९७७ साली ॲपल टू नावाचा संगणक विकावयास काढला होता. त्याचे झाकण हाताने उचलता येत असे. त्यास पेचकसदेखील लागत नसे. आत आठ खाचा होत्या आणि त्यांत ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे जादा कार्डे बसवावीत अशी अपेक्षा होती. १९७८ च्या त्याच्या माहितीपुस्तकात संगणकाची संपूर्ण सर्किट-आकृती छापलेली होती. ज्याने यंत्र घेतले त्याला त्याचा नकाशाही मिळाला, असा तो सरळ व्यवहार होता.

अवघ्या सात वर्षांनी आलेल्या मॅकिंटॉशमध्ये हे चित्र पार पालटले. जादा कार्डांसाठी खाचा नाहीत. पेटीचे स्क्रू साध्या पेचकसाने निघणारे नाहीत. ते टॉर्क्स जातीचे, चांदणीच्या आकाराच्या तोंडाचे, आणि त्यांतले दोन तर माथ्यावरच्या खोबणीत इतके खोल की नेहमीच्या लांबीचे हत्यार तेथवर पोहोचतच नाही. स्क्रू निघाले तरी पेटीचे दोन भाग घट्ट बसलेले. ते विलग करावयास पुन्हा वेगळे साधन. ग्राहकाने आत डोकावू नये, हा हेतू त्या रचनेतच उघड दिसतो. गंमत अशी की ज्यांनी हे यंत्र घडविले त्यांच्या सह्या त्या पेटीच्या आतल्या बाजूस उठविलेल्या आहेत. कलावंताने चित्रावर सही करावी तशी ही कल्पना; पण ती सही ग्राहकाच्या दृष्टीस पडू नये अशीच पेटीची एकूण योजना होती.

या धोरणामागे निव्वळ दुष्ट हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. संगणक हे तंत्रज्ञांचे खेळणे न राहता घरगुती उपकरणासारखे सोपे व्हावे, तारा-कार्डांच्या जंजाळात सामान्य माणसाने अडकू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो पुष्कळ अंशी सफलही झाला. शिवाय पेटीतील चित्रनलिकेवर प्राणघातक दाबाची वीज असते, तिच्यापासून अनभिज्ञ माणसाला दूर ठेवणे हेही शहाणपणाचेच. परंतु वापरण्यास सोपे आणि उघडण्यास अवघड या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्याच पाहिजेत असे नाही. शिवणयंत्र वापरावयास सोपे असते आणि त्यास तेल घालण्याची छिद्रेही उघडी असतात.

म्हातारपणाचे विकार

चाळीस वर्षांपूर्वीचे हे संगणक आज कशामुळे बंद पडतात, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. त्यांचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, सहसा शाबूत असतो. दगा देतात ते हलके, स्वस्त आणि दुर्लक्षित भाग.

पहिला शत्रू म्हणजे घड्याळ चालू ठेवण्यासाठी बसविलेला छोटा सेल. एसई/३० किंवा क्लासिक यांच्या मुख्य बोर्डावरच ३.६ व्होल्टांचा, बोटाच्या पेराएवढा लिथियम सेल असतो. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्रात तो फुटतो, त्यातील द्रव बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. काही रुपयांचा सेल वेळीच काढला नाही म्हणून सबंध बोर्ड मातीमोल झाल्याची उदाहरणे या छंदात सर्रास आढळतात. दुसरा शत्रू म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. एसई/३० व क्लासिक या यंत्रांत बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटविलेले लहान डब्यांच्या आकाराचे कपॅसिटर आहेत. कालांतराने ते बुडातून पाझरतात. मग आवाज बारीक होतो अथवा बंद पडतो, पडद्यावर आडवे पट्टे किंवा बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटतात आणि यंत्र सुरूच होत नाही. तिसरा विकार वीजपुरवठ्याच्या बोर्डाचा. पहिल्या यंत्रांत आवाज नको म्हणून पंखा ठेवलेला नव्हता. आतली उष्णता वर्षानुवर्षे सोसून जोडणीच्या पिनांभोवतीचा डाख तडकतो. आपल्याकडील टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर यालाच ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. ज्या उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरला ते ‘ईएचटी’ म्हणून ओळखतात, तोही येथे निकामी होतो. फ्लॉपीच्या खणातले वंगण वाळून घट्ट होते आणि हार्ड डिस्कच्या आतील रबराचे तुकडे विरघळल्यागत चिकट होऊन तिचे टोक जागीच अडकून बसते.

नवशिक्याच्या दृष्टीने या यंत्राचा मोठा गुण असा की ते आपले दुखणे बऱ्याच अंशी स्वतःच सांगते. पडद्यावर मधोमध एकच उभी रेघ दिसली, तर किरण आडवा फिरविणाऱ्या भागात दोष आहे आणि पुष्कळदा तो एखाद्या तडकलेल्या डाखाइतकाच क्षुल्लक असतो. नुसताच टक्-टक् आवाज येत राहिला, तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. पडदा उजळला, पण त्यावर उदास चेहऱ्याचे छोटे चित्र आणि खाली अंक आले, तर ते अंक म्हणजे निदानच असते. प्रारंभीच्या यंत्रांत त्यातले पहिले दोन अंक ०१ असले तर कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, दोष. ०२ ते ०५ असले तर रॅममध्ये. आणि पुढच्या अंकांवरून नेमकी कोणती चिप बिघडली हेही काढता येते. लक्षणावरून कारणाकडे, आणि कारणावरून उपायाकडे, अशी ही पद्धतशीर वाटचाल आहे. आपल्या महाविद्यालयांत तर्कशास्त्राच्या तासाला जे शिकवावयाचे, तेच येथे पेचकस हातात घेऊन शिकता येते.

आधी जीव, मग यंत्र

या मार्गाला लागणाऱ्याने काही पथ्ये कटाक्षाने पाळली पाहिजेत. अडगळीतून काढलेले यंत्र आणल्याबरोबर विजेला जोडण्याचा मोह आवरावा. प्रथम ते उघडावे, सेल काढावा, पाझर कोठे झाला आहे ते उजेडात न्याहाळावे, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. अमेरिकेत विकलेली सुरुवातीची यंत्रे ११० ते १२० व्होल्टांची असतात. आपल्या २३० व्होल्टांच्या जोडणीवर ती थेट लावणे म्हणजे त्यांचा शेवटच. चित्रनलिकेवर दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि यंत्राची पिन काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. तो जमिनीला जोडलेल्या तारेने उतरविल्याशिवाय आत हात घालू नये. एक हात पाठीमागे ठेवून काम करण्याची जुन्या कारागिरांची रीत याचसाठी आहे. हे काम प्रथम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे, यात कोणताही कमीपणा नाही. नलिकेची मान काचेची व नाजूक असते. तिच्यावरचा छोटा बोर्ड ओढताना ती मोडली तर आत हवा शिरते आणि नलिका कायमची निकामी होते.

आणखी एक गोष्ट. ज्याने कधी डाखणी हातात धरलेली नाही त्याने एसई/३० च्या बोर्डावर पहिला हात चालवू नये. प्लससारखे यंत्र त्यास अधिक योग्य. त्याचे बरेच भाग बोर्डाच्या छिद्रांतून आरपार बसविलेले, मोठे आणि डोळ्यांना दिसणारे आहेत. तत्पूर्वी मोडक्या रेडिओच्या बोर्डावर महिनाभर सराव करावा. एक मल्टिमीटर, बेताच्या वॉटची डाखणी, डाख शोषून घेणारी तांब्याची जाळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लांब दांड्याचा टॉर्क्स पेचकस एवढी सामग्री आरंभास पुरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती सगळी मिळते. यांपैकी कोणतीही वस्तू शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या ऐपतीबाहेरची नाही.

मजुरी आणि सुटा भाग

आता या छंदाच्या अर्थकारणाकडे वळू. मॅकिंटॉश नवा होता तेव्हा अधिकृत दुरुस्ती केंद्रात बिघडलेला एखादा कपॅसिटर बदलून देत नसत. सबंध बोर्ड काढून दुसरा बसवीत. दोन-चार सेंटांचा भाग बिघडला, तरी ग्राहकाला भुर्दंड सबंध बोर्डाचा. हे कंपनीच्या लोभाचे फळ आहे असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते अपुरे उत्तर ठरेल. अमेरिकेत कुशल माणसाचा तास महाग आणि कारखान्यात तयार होणारा बोर्ड त्या मानाने स्वस्त. दोष शोधण्यात दोन तास घालविण्यापेक्षा बोर्डच बदलणे हिशेबाला धरून होते. आपल्याकडे गणित नेमके उलटे होते. येथे मजुरी स्वस्त आणि सुटा भाग महाग. म्हणून आपला कारागीर एकेक ट्रान्झिस्टर तपासून रेडिओ बोलता करीत असे. दुरुस्तीची जी संस्कृती आपण आपल्या काटकसरी स्वभावाचा गुण मानतो, ती पुष्कळशी या सापेक्ष किमतींतून जन्माला आलेली आहे.

यातून जो निष्कर्ष निघतो तो सुखावह नाही. मजुरी वाढत जाईल, आणि ती वाढावी अशीच आपली सर्वांची इच्छा आहे, तसतशी ही संस्कृती आपोआप टिकणार नाही. मोबाइलच्या दुकानातून ‘बोर्ड गेला, नवाच घ्या’ हे उत्तर आजच ऐकू येऊ लागले आहे. जी विद्या गरिबीने सांभाळली, ती सुबत्तेत कोण सांभाळणार, असा हा प्रश्न आहे.

परदेशातील हौशी मंडळींनी या प्रश्नाला एक उत्तर दिलेले आहे. व्यावसायिकाच्या हिशेबात दुरुस्तीचा वेळ हा खर्च असतो. हौशी माणसाच्या हिशेबात तोच वेळ मिळकत असतो. रविवारची दुपार बोर्डावर वाकून घालविण्यात त्याला आनंद आहे. त्याची मजुरी तो स्वतःकडे मागत नाही. म्हणूनच बाजाराने मृत ठरविलेले यंत्र तो जिवंत करू शकतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे श्रम हे उत्पादनही आहे आणि उपभोगही.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या मंडळींनी आपल्यापुरते यंत्र दुरुस्त करून स्वस्थ बसण्याचे नाकारले. लॅरी पायना या लेखकाने १९९० आणि १९९२ मध्ये मॅकिंटॉशच्या दुरुस्तीवर पुस्तके लिहून कोणत्या लक्षणाला कोणता सुटा भाग बदलावा हे एकेक करून सांगितले. जेथे अधिकृत केंद्र सबंध बोर्ड बदलण्याचा सल्ला देत होते, तेथे या पुस्तकांनी नेमक्या भागावर बोट ठेवले. त्यानंतरच्या पिढीने बोर्डांच्या रेषा शोधून त्यांच्या आकृत्या नव्याने काढल्या. सेलच्या द्रवाने खाल्लेल्या एसई आणि एसई/३० यांसाठी मुख्य बोर्डाच्या नव्या प्रती तयार केल्या. जुन्या बोर्डावरील चिप काढून त्यांवर बसविल्या म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होते. मरणपंथाला लागलेल्या हार्ड डिस्कची जागा घेणारी, मेमरी कार्डावर चालणारी ब्लूस्कझीसारखी छोटी उपकरणे निघाली आणि त्यांची रचना कोणालाही वापरता यावी म्हणून खुली ठेवण्यात आली. फ्लॉपीच्या खणातील ठिसूळ होऊन मोडणारी दातेरी चाकेही आता नवी मिळतात.

हे ज्ञान म्हणजे अर्थशास्त्र ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणते त्याचा उत्तम नमुना आहे. एकाने आकृती वाचली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही आणि वाचणाऱ्याकडून दाम वसूल करणेही कठीण. अशा वस्तूंची निर्मिती बाजार पुरेशी करीत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतो. येथे ती निर्मिती निरपेक्ष हौसेने झाली. पण एका मुद्द्याकडे दुर्लक्ष होऊ नये. जे ज्ञान कंपनीजवळ छापील कागदावर तयार होते, ते पुन्हा मिळविण्यासाठी शेकडो माणसांना हजारो तास खर्ची घालावे लागले. समाजाच्या दृष्टीने ही उघड उधळपट्टी होय. हौशी लोकांचे कौतुक करताना, त्यांना हे करावे का लागले हेही विचारले पाहिजे.

काही आक्षेप

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की हा निव्वळ गतकाळाचा मोह आहे. आजचा साधा मोबाइलही त्या संगणकाच्या कितीतरी पट शक्तिमान असताना हा खटाटोप कशाला? जुन्या संगणकावर आजची कामे होणार नाहीत, हे कबूल. परंतु शिकण्यासाठी घेतलेल्या वस्तूची किंमत तिच्या उत्पादनक्षमतेवरून ठरवीत नाहीत. शवविच्छेदनाच्या खोलीतला देह चालत नाही, म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो निरुपयोगी ठरत नाही. आजच्या मोबाइलच्या आत डोळ्यांना काही दिसत नाही. या यंत्रात विजेची वाट प्लगपासून पडद्यापर्यंत बोटाने दाखविता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येकाने यंत्र उघडू लागावे हे धोक्याचे आहे, आणि बंद रचनेमुळे यंत्रे लहान, स्वस्त व टिकाऊ होतात, असे कारखानदार म्हणतात. यात तथ्य आहे. सर्व ग्राहकांनी दुरुस्ती शिकावी असे कोणी म्हणत नाही. आपण सगळेच विहीर खणत नाही. पण विहिरीचे पाणी तपासण्याची मुभा सर्वांना असावी असे आपल्याला वाटते. ग्राहकाला स्वतः दुरुस्ती करावयाची नसली, तरी ती करणारे दुकानदार गावात एकाहून अधिक असावेत यात त्याचे हित आहे. दुरुस्तीची माहिती एकाच्याच हाती राहिली, तर यंत्र विकताना असलेली स्पर्धा विक्रीनंतर संपते. ग्राहक अडकलेला असतो आणि अडलेल्याकडून कितीही घेता येते.

कायद्याची चाल

या अडकलेपणाची दखल न्यायसंस्थांनी घेतलेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कोडॅक कंपनीविरुद्ध असाच वाद आला होता. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना ही कंपनी आपल्या झेरॉक्सछाप यंत्रांचे सुटे भाग मिळू देत नव्हती. यंत्रांच्या विक्रीत स्पर्धा आहे, म्हणून सुट्या भागांत मक्तेदारी संभवतच नाही, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने १९९२ मध्ये आपोआप ग्राह्य धरण्याचे नाकारले. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हेच तेथेही आक्षेपाचे मूळ होते. या आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली, तरी प्रश्नाचे स्वरूप त्याने लख्ख केले.

त्यानंतर हा विषय पुढे सरकला आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त करता येतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचा निर्देश संमत केला. ज्या कंपनीने १९८४ मध्ये पेटी बंद केली, तिनेही एप्रिल २०२२ पासून अमेरिकेत ग्राहकांना काही सुटे भाग, हत्यारे व माहितीपुस्तिका विकावयास आरंभ केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २०२४ मध्ये दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक ठरविण्यासाठी आणखी एक समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२५ मध्ये सादर झाला. दिशा योग्य आहे. पण समित्या आणि संकेतस्थळे यांनी ग्राहकाच्या हाती आकृती पडत नाही. ती पडेल असा बंधनकारक कायदा होईल तेव्हाच या हक्काला अर्थ येईल.

हा प्रश्न पैशापुरताच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सिद्ध केलेल्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या मार्गाला लागला, अशी नोंद आहे. ज्या कचऱ्याला आपण मृत समजतो, त्यात एखाद्या सेलने किंवा तडकलेल्या डाखाने निजविलेली यंत्रे किती असतील, याचा विचार ज्याने एखादे मॅकिंटॉश उघडले आहे त्याच्या मनात आल्यावाचून राहात नाही.

आपल्याला काय करता येईल?

वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. शिवाय जुने मॅकिंटॉश येथे विरळाच. तेव्हा प्रत्येक वाचकाने तोच छंद लावून घ्यावा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. परंतु त्याचे तत्त्व आपल्या परिस्थितीत आणणे अगदी शक्य आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून दर काही वर्षांनी जुने संगणक, प्रोजेक्टर आणि यूपीएस यांची यादी होते, त्यांवर ‘निर्लेखित’ असा शेरा पडतो आणि वजनावर त्यांचा लिलाव होतो. त्यांतील पाच-दहा यंत्रे विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी बाजूला काढून ठेवावीत, एका खोलीत चार मेजे व दोन डाखण्या द्याव्यात आणि आठवड्यातून एकदा गावातील एखाद्या अनुभवी टीव्ही-रेडिओ कारागिराला मानधन देऊन शिकवावयास बोलवावे. या कारागिरांची पिढी आता निवृत्तीला आली आहे. त्यांच्याजवळची विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही आणि त्यांच्याबरोबर ती जाईल. पदवी नसलेल्या माणसाला वर्गात उभे करण्याचा संकोच आपल्या संस्थांनी आता सोडलाच पाहिजे.

कचेऱ्यांनी निविदा काढताना किंमत व हमीची मुदत यांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: सुटे भाग किती वर्षे मिळतील? दुरुस्तीची पुस्तिका मिळेल काय? यंत्र साध्या हत्यारांनी उघडते काय? सरकार हे देशातील फार मोठे गिऱ्हाईक आहे. त्याने हे प्रश्न विचारावयास आरंभ केला, तर विक्रेते उत्तरे शोधू लागतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाटही पाहावयास नको. आणि घरोघरीच्या ग्राहकाने निदान एवढे करावे, की माळ्यावर ठेवण्यापूर्वी प्रत्येक उपकरणातील सेल काढून ठेवावा. चार दशकांच्या अनुभवातून निघालेला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा धडा आहे.

विद्यार्थ्यांसाठी मात्र याहून काही अधिक सांगितले पाहिजे. आज ज्या यंत्रांमध्ये ते वाढत आहेत ती गुळगुळीत, सांधे न दिसणारी आणि आतून अज्ञात अशी आहेत. बिघडले की टाकून नवे घ्यावे, हा त्यांना मिळणारा मूक उपदेश आहे. जो मुलगा किंवा मुलगी एकदा तरी बंद यंत्र उघडून, दोष शोधून, तो दूर करून ते पुन्हा सुरू करील, त्या मुलाला हा उपदेश पुढे पटणार नाही. जगातली बिघडलेली गोष्ट ही कोणीतरी घडविलेली गोष्ट आहे आणि म्हणून ती समजून घेता येते, एवढा विश्वास त्यातून येतो. नागरिक म्हणूनही तो उपयोगाचा आहे. कारण यंत्रांप्रमाणेच संस्था, नियम आणि कारभार यांचीही झाकणे बंदच असतात आणि तीही उघडून पाहावी लागतात.